रजा देणाऱ्याचा धम्म



गेल्या मे महिन्यात आम्ही तिघे, म्हणजे मी, माझी पत्नी आणि नऊ महिन्यांची आमची मुलगी, चार दिवस पीक डिस्ट्रिक्टमध्ये राहून आलो. लेस्टरहून बेकवेल गाडीने दीड तासावर आहे. आम्हाला तीन तास लागले. दोनदा दूध, एकदा कपडे बदलणे आणि एकदा नुसतेच रडणे. जाण्याआधी सवयीप्रमाणे मी एक्सेल शीट केले होते: कोणत्या दिवशी कोणती टेकडी, किती किलोमीटर. पहिल्याच सकाळी ते शीट बंद केले.

इथल्या सार्वजनिक पायवाटा थेट शेतातून जातात. पण कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात आणि बाबागाडी त्यांवरून जात नाही. म्हणून आम्ही मॉन्सल ट्रेल धरला. १९६८ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली ही सपाट वाट सुमारे १४ किलोमीटर लांब आहे. त्यातले तीन किलोमीटरही आम्ही एका दिवसात चाललो नाही. मुलगी झोपली की बाकावर बसायचे, उठली की मेंढ्या दाखवायच्या. जुन्या बोगद्यात तिने एकदा आवाज काढला, तो परत आला, तेव्हा ती इतकी चकित झाली की आम्ही अर्धा तास तिथेच आवाज काढत उभे राहिलो.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. मागे हिरवे शेत, दगडी बांध. आई बघत राहिली आणि म्हणाली, "तू पण असाच बांधावर वाढलास रे. लिंबाला झोळी बांधायचे आणि कापूस वेचायला जायचे. रडलास तरी पात अर्धी टाकून येता यायचं नाही. मुकादम ओरडायचा." ती हसून सांगत होती. तिच्या मनात तक्रार नव्हती. मला मात्र रात्री झोप आली नाही.

शेताच्या कडेला एक बाळ, दोन पिढ्यांत दोनदा. एकदा आईला रजा नव्हती म्हणून, एकदा बापाला भरपगारी रजा आहे म्हणून. प्रश्न असा पडला की ही विश्रांती मी निवांतपणे घ्यावी का? की ज्यांनी आयुष्यात एक दिवस सुट्टी घेतली नाही, त्यांच्या कष्टावर बसून मी मेंढ्या मोजतो आहे?

आपल्यापैकी अनेकांना 'गावाकडे चार दिवस निवांत' हे वाक्य सरळपणे म्हणता येत नाही. आपले गाव म्हणजे वेशीबाहेरची वस्ती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले, ते अनुभवातून. त्यामुळे इथल्या खेड्यात अनोळखी शेतकऱ्याने हात वर करून 'मॉर्निंग' म्हटले तरी माझे खांदे क्षणभर आखडतात.

पण इथली मोकळी वाटही फुकट मिळालेली नाही. आम्ही राहिलो तिथून वायव्येला किंडर स्काउट नावाचे पठार आहे. पूर्वी ते जमीनदारांच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखीव होते, सामान्य माणसाला मज्जाव होता. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातले शेकडो तरुण कामगार बंदी मोडून त्यावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा २० वर्षांचा होता. पुढे १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. किंडर स्काउटवरच्या त्या चढाईच्या पाचच वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले होते. दोन्हींची तुलना बरोबरीची नाही. तिथे फिरण्याचा हक्क होता, इथे माणूस असण्याचा. पण दोन्हीकडे धडा एकच: जे आज 'साधे' वाटते, त्यासाठी कोणीतरी शिक्षा भोगलेली असते.

विश्रांतीचेही तसेच आहे. बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरे गमावली. राजरत्न १९२६ मध्ये गेला. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहून बाबासाहेबांनी सांगितले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. पुढे मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये त्यांनी कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. ज्या माणसाला स्वतःच्या घरात बसायला वेळ मिळाला नाही, त्याने इतरांच्या घरासाठी तास मिळवून दिले. मग ती विश्रांती अपराधी मनाने घेणे हा त्यांचा सन्मान नव्हे. घेतली पाहिजे, आणि जागेपणी घेतली पाहिजे. फोन खिशात ठेवून मुलीच्या हातातल्या गवताच्या पात्याकडे बघणे, हीसुद्धा सम्यक स्मृतीच.

इथे लेख संपला असता तर मला बरे वाटले असते. पण तिसऱ्या रात्री आणखी एक गोष्ट आठवली.

माझ्या टीममधले काही सहकारी भारतात बसतात. माझ्या चार दिवसांच्या रजेत रात्रीचे कॉल तेच घेत होते. त्यांतल्या एकाने हिवाळ्यात बायकोच्या बाळंतपणासाठी तीन आठवड्यांची रजा मागितली होती. मी त्याला अभिनंदन म्हटले आणि विचारले, "रिलीज झाल्यावर घेता येईल का?" त्याने "चालेल सर" म्हटले. आठवड्याभराची रजा घेऊन तो परत आला. मी नियम मोडला नव्हता. आवाजही चढवला नव्हता. मुकादमासारखे ओरडण्याची मला गरजच पडली नाही. आईच्या गोष्टीत मी नेहमी झोळीतले बाळ असतो. त्या रात्री पहिल्यांदा कळले की मी दुसरे पात्रही झालो आहे.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्ध सिगाल नावाच्या गृहस्थाला सहा दिशांना नमस्कार करण्याचा खरा अर्थ सांगतात. खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली काम करणारे. त्यांच्याप्रती पाच कर्तव्ये आहेत: शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न आणि वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगलेचुंगले वाटून खाणे, आणि पाचवे, योग्य वेळी सुट्टी देणे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशात रजा आहे! आणि ती मालकाची मेहेरबानी म्हणून नाही, कर्तव्य म्हणून आहे. शब्दही नेमका आहे: योग्य वेळी. बाळ जन्मते ती वेळ रिलीजच्या तारखेनंतर ढकलता येत नाही.

आपली पिढी रजा मागणाऱ्यांची होती, आता आपल्यातले बरेच जण रजा मंजूर करणारे झाले आहेत. आपली प्रगती आपण पदव्यांनी आणि घरांनी मोजतो. माझ्या मते एक मोजमाप आणखी असावे: आपल्या एका क्लिकवर ज्यांची सुट्टी अवलंबून आहे, त्यांना ती मागताना भीती वाटते का?

परतल्यावर मी त्या सहकाऱ्याला फोन केला आणि माफी मागितली. तो संकोचला, "अहो सर, त्यात काय" म्हणाला. त्याचे बाळ आता पाच महिन्यांचे आहे, आणि जे दोन आठवडे गेले ते मी परत देऊ शकत नाही. एवढेच करू शकलो की आता टीममध्ये कोणाच्या घरी बाळ येणार असेल तर आधी त्याची रजा कॅलेंडरवर लागते, मग रिलीजची तारीख ठरते. एक रिलीज त्यामुळे दहा दिवस पुढे गेली. वरिष्ठांनी विचारले, मी कारण सांगितले. आभाळ कोसळले नाही.

आईला हे सगळे सांगितले नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती इथे येईल, तेव्हा तिला मॉन्सल ट्रेलच्या त्या बाकावर बसवायचे आहे. शेत समोर असेल, नात मांडीवर असेल आणि वेचायला काहीही नसेल.

भवतु सब्ब मंगलं.