अवरोहाचे मोल : दाव्हिद त्रेझेगेच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

एखाद्या कर्माचे मोल ते कोणत्या पातळीवर केले गेले यावर अवलंबून असते काय, हा प्रश्न नीतिमीमांसेत सरळपणे क्वचितच विचारला जातो. कर्त्याचा हेतू, कर्माचा परिणाम आणि कर्त्याचे शील या तिन्ही अंगांनी कर्माची चिकित्सा झालेली आहे. पण तेच कर्म, त्याच कौशल्याने आणि त्याच हेतूने, एकदा मान्यवरांच्या सभेत आणि एकदा आडगावच्या जत्रेत केले तर त्याच्या नैतिक मोलात फरक पडतो का, याविषयी बहुधा गृहीतांवरच भागवले जाते. चरित्रलेखनात ही गृहीते उघडी पडतात. चढणीला प्रकरणे मिळतात, उतरणीला परिच्छेद. व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत तर शरीर पस्तिशीतच निवृत्त होऊ लागते, आणि त्यानंतरचा काळ चरित्रकार उपसंहारात आटोपतो.

दाव्हिद त्रेझेगे या फ्रेंच फुटबॉलपटूची कारकीर्द या प्रश्नाच्या तपासणीला सोयीची आहे, कारण तिच्यात खालच्या श्रेणीत उतरण्याचे प्रसंग एकाहून अधिक आहेत आणि ते एकमेकांसारखे नाहीत. ती पुण्यात संपली, हे तिच्याकडे पाहण्याचे मराठी अभ्यासकाला असलेले आणखी एक कारण.

त्रेझेगेचा जन्म १९७७चा, रुआँ शहरातला. वडील अर्जेंटिनाचे, तेथील क्लबाकडून खेळण्यासाठी आलेले. वाढला मात्र ब्वेनोस आयरेसमध्ये. १९९८ साली विश्वविजेत्या फ्रेंच संघात तो होता. २ जुलै २००० रोजी रॉटरडॅम येथे युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध १०३व्या मिनिटाला त्याने जो गोल केला त्याला त्या काळच्या नियमानुसार ‘सुवर्ण गोल’ म्हणत : चेंडू जाळ्यात गेला की सामना तत्क्षणी संपे. फ्रँक कर्मोडने ‘द सेन्स ऑफ ॲन एंडिंग’ (१९६७) या ग्रंथात मनुष्य कालप्रवाहाला शेवट बहाल करून त्यातून अर्थ काढतो असे दाखवले आहे; सुवर्ण गोल हे त्या प्रवृत्तीचे नियमपुस्तकात शिरलेले रूप म्हणावे लागेल. पुढे तो नियमच रद्द झाला. बावीस वर्षांच्या तरुणाला आयुष्याचा इतका नेटका शेवट मिळाला, आणि त्यानंतर त्याला साडेचौदा वर्षे खेळायचे होते.

९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये पुन्हा इटलीविरुद्धच विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. सातव्या मिनिटाला झिदानने मारलेली पेनल्टी आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या आत पडली, आणि गोल धरला गेला. सामना बरोबरीत सुटल्यावर पेनल्टींच्या फेरीत त्रेझेगेने मारलेला चेंडूही आडव्या खांबालाच लागला. तो रेषेच्या अलीकडे पडला. फ्रेंच संघातला हुकलेला तेवढा एकच फटका. इटलीने ती फेरी ५-३ अशी जिंकली. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ साली ‘नैतिक दैव’ ही संकल्पना चर्चेत आणली तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच होता : ज्या गोष्टी कर्त्याच्या हाती नाहीत त्यांवरून कर्त्याचे मूल्यमापन कसे काय होते? विल्यम्सने उदाहरण घेतले ते चित्रकार गोगँचे, घरदार सोडून ताहितीला गेलेल्या माणसाचे. त्याचे समर्थन त्याची चित्रे उत्तम ठरली तरच होऊ शकते, आणि ती ठरतील की नाही हे निघताना त्याला ठाऊक असणे शक्य नाही. बर्लिनचे उदाहरण याहून निर्दय आहे. गोगँच्या यशात निदान त्याच्या प्रतिभेचा वाटा होता. इथे दोन फटक्यांतले अंतर वीतभराचे, आणि त्या विताच्या एका बाजूला कला, दुसऱ्या बाजूला चूक.

पाच दिवसांनी, १४ जुलैला, इटलीतील फुटबॉलच्या न्यायासनाने पंचांच्या नेमणुकांवरील वजनाच्या प्रकरणात युव्हेंटस क्लबाला दुसऱ्या श्रेणीत, सेरिए ‘बी’मध्ये, ढकलले. वर गुणांची वजावट. अपिलांनंतर ती ९ गुणांवर आली. कानाव्हारो, इब्राहिमोविच, व्हिएरा, त्युराम असे अनेक जण क्लब सोडून गेले. बुफाँ, देल पिएरो, नेदव्हेद, कामोरानेसी आणि त्रेझेगे राहिले. त्या हंगामात त्रेझेगेने १५ गोल केले, युव्हेंटस सेरिए ‘बी’ जिंकून वर परतला. यानंतर साडेचार वर्षांनी असाच दुसरा प्रसंग घडला. ब्वेनोस आयरेसचा रिव्हर प्लेट हा क्लब २०११ साली आपल्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. २०१२च्या आरंभी त्रेझेगे तिथे गेला आणि जूनमध्ये अखेरच्या सामन्यात त्याने केलेल्या दोन गोलांनी तो क्लब पहिल्या श्रेणीत परतला.

या दोन प्रसंगांचे वर्णन ‘निष्ठा’ या शब्दाने केले जाते. ते चूक नाही. ॲलस्डेर मॅकिंटायरने ‘आफ्टर व्हर्च्यू’ (१९८१) मध्ये एखाद्या साधनेची आंतरिक फळे आणि बाह्य फळे असा भेद केला आहे : खाऊच्या आशेने बुद्धिबळ खेळणारे मूल आणि बुद्धिबळातच गोडी लागलेले मूल. पैसा व कीर्ती ही बाह्य फळे इतर मार्गांनीही मिळवता येतात. बचावपटूच्या पाठीमागून योग्य क्षणी निसटण्याचे समाधान फुटबॉलमध्येच मिळते, आणि ते सेरिए ‘बी’तही तेवढेच मिळते. अर्थात करार, वेतन, पर्यायांचा अभाव यांचाही त्या निर्णयात वाटा असू शकेल. हेतूंची शुद्धता बाहेरून मोजता येत नाही, आणि प्रस्तुत प्रश्नासाठी ती मोजण्याची गरजही नाही.

अडचण वेगळीच आहे. सेरिए ‘बी’त त्या वर्षी २२ संघ होते. त्यांतील बहुसंख्य खेळाडूंनी उभी कारकीर्द त्याच पातळीवर, किंवा तिच्याही खाली, काढली असणार. त्यांना कोणी निष्ठावंत म्हटले नाही. जो तिथे उतरला त्याचे राहणे सद्गुण ठरते, जो तिथलाच आहे त्याचे राहणे ही केवळ वस्तुस्थिती. याचा अर्थ असा की ‘उतरण’ म्हणून हळहळणारा आणि ‘निष्ठा’ म्हणून गौरवणारा, हे दोघेही एकाच उतरंडीवर उभे राहून बोलत असतात. गौरवात उलट ती उतरंड अधिक सुरक्षित असते, कारण तिथे तिच्याकडे लक्षच जात नाही.

मराठी समीक्षेला हा प्रश्न अपरिचित नसावा. खालच्यांविषयी कणवेने लिहिणाऱ्या मध्यमवर्गीय लेखकाला ‘व्यापक सहानुभूती’चे श्रेय देणारी समीक्षा ‘बलुतं’ (१९७८) प्रसिद्ध झाल्यावर गोंधळली, ती यामुळेच. उतरून येणाऱ्याचे मोजमाप तिच्याजवळ होते. तिथलाच असणाऱ्याचे नव्हते. खेळाच्या क्षेत्रातले उदाहरण तर पुण्यातच आहे. बाळू पालवणकर १८९०च्या दशकात पुण्याच्या युरोपीय क्लबात मैदानाची देखभाल करीत आणि सरावासाठी साहेबांना तासन् तास गोलंदाजी करीत. फलंदाजी त्यांच्या वाट्याला येत नसे. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, पण चहाच्या वेळी त्यांचे मातीचे भांडे वेगळे. पालवणकरांच्या कौशल्याची आंतरिक फळे कोणत्याही मापाने पहिल्या प्रतीची होती. त्यांची ‘श्रेणी’ मात्र खेळाने ठरवलेली नव्हती, आणि एखादा हंगाम जिंकून तिच्यातून वर येण्याची तरतूदही नव्हती. अवरोहाचे नैतिक मोल ज्याला उतरता येते त्यालाच उपलब्ध असते, ही गोष्ट या उदाहरणापुढे ठेवली की ‘निष्ठा’ हा शब्द जरा जपूनच वापरावासा वाटतो.

येथे कर्मयोगाचे उत्तर सुचणे स्वाभाविक आहे. फळाकडे न पाहता प्राप्त कर्म करणे, आणि लोकसंग्रहासाठी करणे, ही ‘गीतारहस्या’तील (१९१५) मांडणी पुण्याच्या वैचारिक आयुष्यात इतकी मुरलेली आहे की खालच्या श्रेणीत निमूट राबणारा खेळाडू तिच्यात सहज बसवता येतो. पण ‘प्राप्त’ कर्म कोणाला कसे प्राप्त झाले, हा प्रश्न त्या उत्तराच्या आधी विचारावा लागतो. पालवणकरांना खेळपट्टीची देखभाल प्राप्त झाली होती. फलाशा सोडण्याचा उपदेश ज्याला फळ नाकारलेलेच आहे त्याला करणे, यात तत्त्वज्ञान कमी आणि व्यवस्थेची सोय अधिक. त्रेझेगेच्या बाबतीत तो लागू पडतो तो त्याला फळ पूर्वीच मिळालेले होते म्हणून.

मग २०१४ सालच्या पुण्याचे काय? त्या वर्षी १२ ऑक्टोबरला इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ शहरे, आठ संघ, प्रत्येकात एक नामांकित परदेशी चेहरा. रॉटरडॅमच्या त्या सुवर्ण गोलासाठी चेंडू पुरवणारा रोबेर पिरेस गोव्याकडे होता. सेरिए ‘बी’त त्रेझेगेबरोबर राहिलेला देल पिएरो दिल्लीकडे, आणि बर्लिनमध्ये फ्रान्सविरुद्ध गोल करणारा मातेराझी चेन्नईकडे. बर्लिनच्या त्या रात्रीतली तीन माणसे आठ वर्षांनी एकाच वेळी भारतात खेळत होती. ‘एफसी पुणे सिटी’साठी त्रेझेगेने ९ सामन्यांत २ गोल केले, संघ आठांत सहावा आला. जानेवारी २०१५मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

बाह्यतः हा तिसरा अवरोह, पण त्याला निष्ठा म्हणता येत नाही, आणि याचे कारण त्रेझेगेच्या शीलात शोधणे अन्यायाचे होईल. ज्या स्पर्धेत तो आला तिला वरची पायरी नव्हती आणि खालचीही नव्हती. आठही संघ मालकी हक्काने त्या जागी होते. हरलेला खाली जाणार नव्हता, खालचा जिंकून वर येणार नव्हता. युव्हेंटससाठी केलेला प्रत्येक गोल क्लबाला कुठून तरी कुठे तरी नेत होता. बालेवाडीत केलेला गोल सामना जिंकून देऊ शकत होता, हंगाम सावरू शकत होता. शहराला मात्र कोणत्याही शिडीवर हलवू शकत नव्हता. निष्ठा हा एकट्या कर्त्याचा गुण नाही. तो जिथे खर्च होतो त्या व्यवस्थेला काही सातत्य असावे लागते. ज्याला भूत आणि भविष्य नाही त्याच्याशी एकनिष्ठ कसे राहायचे?

या ठिकाणी एक गोष्ट विसरली जाते. पुण्यात तेव्हा शिडीवर चढून आलेला एक संघ होता. २००७ साली स्थापन झालेला ‘पुणे एफसी’ आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून वर आला होता आणि २०१२-१३च्या हंगामात देशात दुसरा ठरला होता. तो २०१५ साली बंद पडला. त्याच्या सामन्यांना बालेवाडीला जाणाऱ्यांची संख्या मोठी नसली तरी ते जे पाहत होते ती चालू गोष्ट होती, मागल्या हंगामाचे ऋण पुढल्या हंगामावर चढणारी.

रुआँ हे फ्लोबेरचे गाव. त्याने ‘मादाम बोवारी’चे उपशीर्षक प्रांतिक रीतिरिवाजांचा निर्देश करणारे ठेवले, आणि प्रांतिकतेचे जे लक्षण त्या कादंबरीत आहे ते दारिद्र्य किंवा अज्ञान नव्हे, खरे आयुष्य दुसरीकडे कुठे तरी चालू आहे ही खात्री हे आहे. एम्मा पॅरिसचा नकाशा विकत घेते आणि बोटाने त्यावरून फिरते. निवृत्तीच्या दारातला विश्वविजेता आणून शहराला जागतिक फुटबॉलशी जोडल्याचे समाधान त्याच जातीचे आहे. दुसऱ्याच्या चरित्रातला उपसंहार व्हायला पुणे राजी झाले, नव्हे, त्यासाठी पैसे मोजले गेले. आणि आपल्याच कथेतले चालू प्रकरण दोन हंगाम पुरते शेजारी नांदू शकले नाही. देशीयतेच्या वादात ज्यांनी बाजू घेतली आहे त्यांना यात आपापला पुरावा सापडेल. तो तितका सरळ नाही, कारण सेरिए ‘बी’ही कोणाची तरी प्रांतिक भूमीच होती, आणि तिथे परक्याचे येणे उपसंहार ठरले नाही.

तरीही उपसंहारात आलेल्या माणसाचे कर्तव्य शिल्लक राहते. आपल्या दृष्टीने संपलेल्या गोष्टीत, ज्यांची गोष्ट अजून सुरू व्हायची आहे अशांबरोबर तो उभा असतो. ॲरिस्टॉटलने ‘नीतिशास्त्रा’च्या पहिल्याच ग्रंथात सोलोनचे मत तपासले आहे : शेवट पाहिल्याशिवाय कोणालाही सुखी म्हणू नये. पण ॲरिस्टॉटल त्यावर समाधानी नाही. सुख जर सद्गुणानुसार केलेल्या क्रियेत असेल तर ते क्रियेच्या क्षणीच असले पाहिजे. शेवटाची वाट पाहत ते टांगून ठेवता येत नाही. याच न्यायाने बालेवाडीतल्या नव्वद मिनिटांना बर्लिनची वा तुरिनची सावली लागत नाही. सदतिसाव्या वर्षी मंदावलेल्या पायांनी बचावपटूच्या आंधळ्या बाजूला उभे राहणे, चेंडू येण्याआधी अर्धे पाऊल मागे घेणे, आणि हे सारे शेजारच्या विशीतल्या भारतीय सहकाऱ्याला दिसेल अशा रीतीने करणे, यात साधनेचे हस्तांतरण आहे. ते लीगच्या रचनेवर अवलंबून नाही. मात्र ते कुठे साठून राहील हे रचनेवर अवलंबून आहे.

२०१९ साली ‘एफसी पुणे सिटी’ आर्थिक अडचणींमुळे विसर्जित झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. संघ हरला नव्हता, खालच्या श्रेणीत घसरलाही नव्हता. जागा केवळ दुसरीकडे हलली. युव्हेंटसच्या समर्थकाला २००६ साली निदान इतके सांगता येत होते की आमचा क्लब खाली गेला आहे. पुण्यातल्या समर्थकाला हे वाक्यही उपलब्ध नव्हते.