आनंदात राहा, असे सांगणे पुरेसे आहे का?

"देवा, आता मला लवकर ने," असे घरातील वृद्ध माणूस म्हणू लागले की आपण चटकन म्हणतो, "असे काय बोलता? आनंदात राहा, शंभरी गाठाल." हा सल्ला प्रेमाचा खरा, पण तो न्यायाचा आहे का?

आनंदी मन आणि दीर्घायुष्य यांचा संबंध आहे हे खोटे नाही. अमेरिकेतील 'स्कूल सिस्टर्स ऑफ नॉत्र दाम' या संस्थेच्या 678 वृद्ध धर्मभगिनी डॉ. डेव्हिड स्नोडन यांच्या संशोधनात सहभागी झाल्या होत्या. त्यांपैकी 180 भगिनींनी तरुणपणी, साधारण 22व्या वर्षी लिहिलेली छोटी आत्मचरित्रे मठात जपून ठेवलेली होती. 2001 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आनंद, कृतज्ञता, आशा यांची वाक्ये ज्यांच्या लेखनात सर्वांत जास्त होती, त्या भगिनी सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा सुमारे 7 वर्षे अधिक जगत होत्या. या सर्वांचे अन्न, निवास आणि दिनक्रम जवळपास सारखाच होता, हे विशेष.

पण यावरून दुःखी वृद्धांना दोष देता येईल का? मुळीच नाही. संशोधनात संबंध दिसला. आनंदानेच आयुष्य वाढते हे सिद्ध झाले नाही. शिवाय दीर्घायुष्य हे श्रद्धेचे बक्षीसही नव्हे. बाळ येशूची संत तेरेजा 1897 साली अवघ्या 24व्या वर्षी मरण पावली. उलट फ्रान्सच्या सिस्टर आंद्रे 118 वर्षे जगल्या आणि 2023 साली प्रभुघरी गेल्या. अखेरच्या वर्षांत दृष्टी गेलेली, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सिस्टर लोकांशी हसून बोलत, आणि देवाने आता न्यावे अशी इच्छाही उघडपणे सांगत. आनंद आणि थकवा एकाच मनात राहू शकतात. "आता ने" हे शब्द नेहमीच अश्रद्धेचे नसतात. कधी ती प्रार्थना असते, तर कधी एकटेपणाची हाक. ती कोणती, हे जवळ बसल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या भगिनी एकट्या राहत नव्हत्या. सोबत जेवणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या, आजारपणात विचारपूस करणाऱ्या माणसांत त्या म्हाताऱ्या झाल्या. आपल्या घरी मात्र आजी-आजोबांना जेवण आणि गोळ्या वेळेवर मिळतात; बोलायला कोणी नसते. निर्णय घेताना कोणी त्यांना विचारत नाही. काही बोलले तर "तुम्हाला काय कळते?" हे उत्तर. मग त्यांनी आनंदी राहायचे ते कशाच्या बळावर?

संत लूकच्या शुभवर्तमानात 84 वर्षांची हन्ना भेटते. ती विधवा होती, तरी मंदिरात तिला जागा होती आणि बाळ येशूविषयी ती बोलू लागली तेव्हा ऐकणारेही होते. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली आजी-आजोबा व वृद्धांसाठी जागतिक दिन सुरू केला, जुलैचा चौथा रविवार. परंतु वर्षातील एका दिवसाने भागणार नाही.

बंधू-भगिनींनो, आज मिस्सानंतर घरातील किंवा शेजारच्या वृद्धाजवळ अर्धा तास बसू या. उपदेश न करता त्यांचे ऐकू या. संध्याकाळची रोझरी त्यांनाच सुरू करू द्या. त्याने त्यांचे आयुष्य किती वाढेल ते प्रभू जाणतो; आजचा त्यांचा दिवस मात्र एकटेपणात जाणार नाही.