लज्जेचा स्वीकार

शास्त्रपाठ : मत्तय १२:१-८, नीतिसूत्रे २८:१३



सतराव्या शतकात प्युरिटन पंथाचे लोक इंग्लंड सोडून उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे वसले. पवित्र शास्त्राप्रमाणे चालणारा समाज उभारावा, ही त्यांची तळमळ होती. उघडकीस आलेल्या पापाबद्दल ते चारचौघांत शिक्षा देत. परंतु जेथे पाप्याला क्षमेआधी लाज मिळते, तेथे माणसे पाप टाकण्याऐवजी ते झाकण्यात निष्णात होतात.

१६९२ साली त्या वसाहतीतील सेलम येथे चेटकाचा संशय पसरला. १९ स्त्रीपुरुषांना फाशी देण्यात आले. जाइल्स कोरी हा वृद्ध न्यायालयापुढे उत्तर देईना, म्हणून अंगावर जड दगड रचून त्याचा प्राण घेतला गेला. ज्यांनी ‘आम्ही चेटूक केले’ असे खोटेच कबूल केले व त्या कबुलीवर कायम राहिले, ते फासातून सुटले. देवाला स्मरून जे निर्दोषपणाचे सत्य बोलले, त्यांच्यातील कित्येक फासावर गेले. भयाच्या पोटी पापांगीकार जन्मत नाही, असत्य जन्मते.

त्या न्यायासनावर सॅम्युएल स्यूअल हा धर्मनिष्ठ गृहस्थ बसला होता. त्याला कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविले नाही. पुढे १६९६ च्या डिसेंबरात त्याची लहानगी मुलगी वारली. त्याच आठवड्यात, २४ तारखेला, त्याच्या मुलाने मत्तयाच्या १२ व्या अध्यायातील वचने लॅटिनमध्ये म्हणून दाखविली. देवाला यज्ञापेक्षा दया प्रिय आहे हे समजले असते, तर निर्दोष्यांना दोष लावला गेला नसता, असे प्रभू तेथे सांगतो. ते ऐकताच सेलमचे स्मरण होऊन आपले मन हादरले, असे स्यूअलने रोजनिशीत नोंदविले आहे.

१४ जानेवारी १६९७ हा उपासाचा दिवस होता. बॉस्टन येथील मंडळीत त्याने पाळक सॅम्युएल विलर्ड यांच्या हाती एक चिठ्ठी दिली. पाळक ती वाचीत असता तो सर्वांदेखत उभा राहिला आणि वाचन संपताच त्याने मस्तक लवविले. सेलमचा दोष व लज्जा आपण स्वतःवर घेतो, देवाची व माणसांची क्षमा मागतो, असे त्या चिठ्ठीत होते. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी मात्र असा अंगीकार कधीच केला नाही.

इतरांवर लादलेली लाज माणसाला चिरडते. स्वतः स्वीकारलेली लाज त्याला देवाच्या दारी नेते. तरीही फासावर गेलेले परत आले नाहीत. म्हणून पश्चात्तापाला फळ यावे लागते. पुढे १७०० साली याच स्यूअलने आफ्रिकी लोकांना गुलाम करण्याविरुद्ध पुस्तिका लिहिली.

प्रियजनहो, आज आपल्यातील कोणी वर्षानुवर्षे मनात दडविलेला अपराध घेऊन प्रभुभोजनास येत असेल. त्याने देवासमोर यावे, आणि ज्याचे नुकसान केले त्याच्याकडेही जावे. आणि तो आला, तर आपल्या मंडळीत त्याला काय भेटेल? कुजबुज, की खांद्यावर ठेवलेला हात? आपल्या तारणाऱ्याने वधस्तंभावरील लज्जा आपणांसाठी सोसली. त्याच्या छायेत उभे राहून दुसऱ्याच्या लज्जेचा तमाशा करण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही. आमेन.