दोन द्राक्षांची बाटली

वडूजला घरच्या जेवणात एका पाहुण्यांनी बाटलीवर दोन द्राक्षांची नावं वाचली आणि म्हणाले, "म्हणजे ही भेसळच की!" पाहुणे जाणकार. बाटली नाशिकच्या पांढऱ्या वाइनची, शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन द्राक्षांची. विषय बदलला, जेवणं झाली, पण ते वाक्य मला अजून सलतं आहे.

वाइन ही दारूच आहे. सुपरमार्केटमध्ये ती विकू देण्याच्या राज्य सरकारच्या २०२२ सालच्या निर्णयावरून झालेला वाद सगळ्यांना आठवत असेल. तो इथं उकरत नाही. मला बोलायचं आहे ते शुद्धतेच्या त्या कल्पनेबद्दल.

भेसळ करणारा लपवतो, मिश्रण करणारा नावं छापतो. माझ्या लेखी सगळा फरक एवढाच आहे. युरोपीय संघात लेबलवर एकाच द्राक्षाचं नाव लावायला ८५ टक्के वाइन त्या द्राक्षाची असली की पुरते, अमेरिकेत साधारण ७५ टक्के. म्हणजे पाहुणे जिला शुद्ध म्हणतात, त्या एका नावाच्या बाटलीतही दुसरं द्राक्ष निमूटपणे बसलेलं असू शकतं. दोन्ही नावं सांगणारी बाटली त्यापेक्षा प्रामाणिक नाही का? फ्रान्समध्ये बोर्डोची पांढरी वाइन तर पिढ्यान्‌पिढ्या सेमियों आणि सोव्हिन्यों एकत्र करून बनत आली आहे. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात कितीतरी जिन्नस कांडले जातात, त्याला कुणी भेसळ म्हणत नाही.

नाशिकच्या उन्हात तर मिश्रणाला सबळ कारण आहे. द्राक्ष पिकताना साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. ऊन कडक असलं की तो भराभर उतरतो. सोव्हिन्यों लवकर तोडली तर आंबटपणा आणि हिरव्या पानांसारखा वास टिकतो, पण अंग, म्हणजे तोंडात जाणवणारं भरीवपण, हलकं राहतं. ते अंग शेनिन देते, आणि थोडी गोडी शिल्लक ठेवली तर तीही तिला शोभते.

इथं थोडं आडवाटेला जातो, कारण द्राक्षांचा मुलूख आमच्या शेजारीच आहे. तासगावची तास-ए-गणेश ही थॉमसन सीडलेसमधून निवडलेली जात. पातळ साल, बी नाही, गोडी भरपूर. खायला आणि बेदाण्याला उत्तम. वाइनला मात्र लहान मणी, जाड साल आणि सालीतला वास लागतो. राज्याच्या २००१ च्या वाइनविषयक धोरणानंतर पलूसला वाइन पार्क झाला, तरी त्या भागाचं नाव बेदाण्यानंच राखलं. मला यात अपयश दिसत नाही. जमिनीत काय उगवतं याइतकंच शेतकऱ्याला वर्षानुवर्षं काय साधलं आहे यालाही मोल असतं.

आता जेवणाकडे. मटणाच्या रश्श्याबरोबर कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, निव्वळ सोव्हिन्यों हवी, असा पाहुण्यांचा आग्रह होता. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या चेतातंतूंना पेटवतं, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. कोरड्या वाइननं रस्सा आणखी जाळतो. जरा गोडसर, गार मिश्र वाइन त्यापेक्षा बरी, आणि हेच ठासून सांगायला मी लिहायला बसलो होतो.

पण बाजरीची भाकरी, रस्सा, खर्डा, कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि ताक असं ताट डोळ्यांसमोर आणलं, आणि मलाच प्रश्न पडला की यात वाइनला जागा कुठं आहे? आंबटपणा लिंबू देतं. तिखट ताक उतरवतं, कारण दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून नेतं. एका पदार्थाला एक वाइन हा हिशेब पदार्थ एकामागून एक येतात अशा जेवणाचा आहे. आमच्याकडे सगळं एकदम येतं आणि प्रत्येक घासाला खाणारा स्वतःच जोड लावतो. तिथं बाहेरून जोडी लावून द्यायची गरजच उरत नाही.

म्हणून रश्श्याबरोबर पाहुण्यांची वाइन नको, आणि माझीही नको. मिश्र पांढऱ्या वाइनची वेळ जेवणाच्या आधीची. खटावच्या बटाट्याची गरम भजी, वर मीठ, मिरची बेताची. तेलकटपणा सोव्हिन्योंचा आंबटपणा कापतो, बेसनाच्या खमंगपणाला शेनिनचं अंग पुरतं. बाटली दहा अंशांच्या आसपास गार असावी. त्याहून गार केली तर वास दबतो, आणि दोन द्राक्षं एकत्र आणण्यामागचा निम्मा हेतू त्या वासातच असतो.