चाकाखाली काय आहे



वडूजच्या पंचक्रोशीत पाऊस ही वाट पाहण्याची गोष्ट आहे. येरळेचे पात्र वर्षातले बरेच दिवस कोरडे असते. म्हणून पाणी आले की लहानथोर सगळे पुलावर बघायला जातात. पण अलीकडे पावसाबरोबर आणखी एक हौस आली आहे. चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घ्यायची, धो धो पावसात डांबरी रस्ता सोडायचा आणि ती चिखलात, ओढ्यात, डोंगराच्या उतारावर घालायची. याला ऑफ-रोडिंग म्हणतात. तुमच्या घरातही एखादा पुतण्या किंवा भाचा या नादात असेल. त्याला रागावलात तर तो म्हणेल, "काका, गाडी माझी, हप्ते मी भरतो. मोडली तर माझीच मोडेल. तुमचं काय जातं?"

हा प्रश्न वारकऱ्याने हसण्यावारी नेऊ नये. कारण तोच पोरगा पुढे विचारील, "तुम्हीही आषाढात भर पावसात आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालताच ना? पाय सुजतात, अंगात ताप असतो, तरी जाता. मग माझाच धोका वेडेपणाचा कसा?" आमची भक्ती आणि तुझी चैन, असे उत्तर आपल्या तोंडावर येते. मला ते पुरेसे वाटत नाही. चैनीतही माणूस देहभान विसरतो आणि भक्तीतही. नुसत्या विसरण्यावरून दोन्ही वेगळी ओळखता येणार नाहीत.

आधी मोडते काय, ते पाहू. काळ्या मातीत चाक रुतले आणि चालकाने नुसता ॲक्सिलरेटर दाबत ठेवला, की क्लचप्लेट जळते. दगडावर पोट आपटले की इंजिनाखालचा चेंबर फुटून ऑइल ओघळते. ओढ्यात सगळ्यात वाईट होते. हवा घेण्याच्या नळीतून पाणी इंजिनात शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, म्हणून आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागेवर बसते. हे नुकसान साध्या विम्यात बहुधा भरूनही मिळत नाही. आणि वाहत्या पाण्याचे गणित तर फार थोड्यांना माहीत असते. साधारण 30 सेंटीमीटर पाण्यात छोटी मोटार तरंगू लागते. 60 सेंटीमीटर असेल तर जड गाडीही वाहून जाते.

जुलै 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यात सडावाघापूरच्या वाटेवर गुजरवाडीच्या टेबल पॉइंटवर एक मोटार ओल्या गवतावर फिरवताना घसरली आणि खोल दरीत गेली. आतला तरुण गंभीर जखमी झाला. त्याला दरीतून वर काढावे लागले. त्या पोराची हेटाळणी करण्यात मला रस नाही. मला दिसतात ती त्या निसरड्यातून त्याच्याकडे जाणारी माणसे. गाडी ज्याची होती त्याची होती, पण दरीत उतरणाऱ्यांचे पाय त्यांचे स्वतःचे होते.

"माझी गाडी" हे बोलणे इथेच अडते. रुतलेली गाडी काढायला जवळच्या वस्तीवरचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतो. आपल्याकडे अडलेल्याला नाही म्हणायची रीत नाही, त्यामुळे तो पेरणी सोडून येतो. साखळी लावतो, ओढतो, चिखलाने माखतो. डिझेलचे पैसे कोणी दिले तर दिले. गाडी निघून जाते आणि माळावर दोन खोल चाकोऱ्या राहतात. पुढच्या पावसाचे पाणी त्याच चाकोऱ्यांतून धावते आणि माती घेऊन जाते. त्याच माळावर टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि मृगाचे लाल मखमली किडे पहिल्या पावसात तिथेच फिरत असतात. काचेच्या आत बसलेल्याला यातले काही दिसत नाही. कासच्या पठारावर तर खडकावर मातीचा थरच इतका पातळ आहे, की तिथे चाक काय, जास्तीचे पाऊलही जड होते.

आता तेरच्या गोरोबाकाकांची कथा आठवा. काका चिखल तुडवत होते, मुखी विठ्ठलाचे नाम होते, भान हरपले होते. रांगत आलेले स्वतःचे बाळ पायाखाली आले आणि त्यांना कळले नाही. कीर्तनात आपण ही कथा तल्लीनतेचे उदाहरण म्हणून ऐकतो आणि बाळ परत मिळाल्यावर सुटकेचा श्वास टाकतो. मला त्यातली दुसरी बाजू मोठी वाटते. संप्रदायाने ही कथा झाकून ठेवली नाही. नामात रंगलेल्या संताच्या पायाखालीही जीव जाऊ शकतो, हे आपल्या पूर्वजांनी गावोगाव उघडपणे सांगितले. आईचा आक्रोशही कथेत तसाच ठेवला. मन विठ्ठलाकडे होते म्हणून चिखलात काही घडलेच नाही, असे कोणी म्हटले नाही. मग मन गाडीच्या वेगाकडे असलेल्याला ती सवलत कुठून द्यायची?

पण पोराला एवढे ऐकवून आपण सुटत नाही. वारीच्या दिवसांत दिंडीबरोबर ट्रक असतो, टेंपो असतात. त्यात सामान असते आणि वर म्हातारी माणसे बसलेली असतात. एखाद्या फरशी पुलावरून पाणी जात असते. चालक कचरतो. मागून कोणीतरी ओरडते, "घाल पुढे, पांडुरंग आहे!" हे मला ऑफ-रोडिंगपेक्षा जास्त खटकते. तो पोरगा निदान स्वतःच्या जिवावर खेळतो. इथे दुसऱ्यांचे जीव पणाला लावून वर देवाला जामीन ठेवले जाते. पाणी किती आहे हे न पाहता गाडी घालणे ही श्रद्धा नव्हे. तीही हौसच, फक्त तिच्या कपाळावर बुक्का आहे.

पायी वारी पाहा. उजव्या-डाव्या बाजूचा, पुढच्या-मागच्याचा पाय सांभाळत दिंडी चालते. कोणी अडखळला तर रांग थांबते. पावसाचा त्रास चालणाऱ्याच्या अंगावर पडतो, दुसऱ्याच्या बांधावर नाही. पुतण्याला हा फरक सांगा. पण तो सांगण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच, जेव्हा आपलाही ट्रक पुलाच्या अलीकडे उभा राहील.

तिथे चालकाला "थांब" म्हणणारा पहिला आवाज विणेकऱ्याचा असावा, कारण दिंडीत त्यांचे ऐकतात. मुक्कामाला पोहोचायला रात्र झाली तर होऊ दे. हरिपाठ ट्रकमध्ये बसून म्हणता येतो.