गीनचे शेजघर

११९४ साली उत्तर फ्रान्समधल्या आर्द्रे गावी एक लग्न लागले. नवरदेव अर्नुल, गीनचा काउंट दुसरा बाल्डविन याचा थोरला मुलगा. नवरी बिआत्रिस, शेजारच्या बूरबूरच्या किल्लेदारांची लेक. तिचा भाऊ वारला होता आणि माहेरची सारी मिळकत तिच्याकडे आली होती. वऱ्हाड दारात आले, पण चर्चच्या घंटा वाजेनात. अर्नुलने पूर्वी एका विधवेची पिठाची चक्की मोडली होती आणि त्याबद्दल चर्चने त्याला बहिष्कृत केले होते. बहिष्कार उठल्याची खात्री होईपर्यंत गावचा धर्मगुरू लांबेर थांबून राहिला. दोनेक तास गेले. बाल्डविन त्याच्यावर असा कडाडला की लांबेर घोड्यावरून खाली कोसळला. त्यानंतर काउंटची मर्जी पहिल्यासारखी राहिली नाही, आणि ती परत मिळावी म्हणून आपण गीनच्या घराण्याची बखर लिहायला घेतली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

त्या लग्नाच्या रात्रीचे वर्णनही त्याच बखरीत आहे. नवरा-नवरी शेजेवर होती. लांबेर, त्याचे दोन मुलगे आणि आणखी एक धर्मगुरू यांना आत बोलावले गेले. त्यांनी पाणी शिंपडले, धूप फिरवला, शेजेला आशीर्वाद दिला. मग म्हातारा बाल्डविन दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि या जोडप्याची संतती काळाच्या अंतापर्यंत वाढत राहो, अशी प्रार्थना त्याने केली. घंटेसाठी ज्याच्यावर तो ओरडला होता, त्याच माणसाची शेजघरात मात्र त्याला गरज होती.

मला ही खोली फार महत्त्वाची वाटते. कोणत्याही राजघराण्याच्या इतिहासाच्या शेवटी एक यादी असते: अमुक काउंट, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, पुढे सनावळी. यादी वाचताना वाटते की गादी बापाच्या हातातून मुलाच्या हातात अलगद जात होती. गीनची बखर वाचली की हा समज टिकत नाही. तिथे गादी दर खेपेला एखाद्या बाईच्या बाळंतपणावर अडून बसलेली दिसते.

गीन आज कॅले बंदराच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर असलेले छोटे गाव आहे. मध्ययुगात त्याच्या नावाची काउंटी होती, दलदल आणि समुद्र यांच्यामधला एक तुकडा. एका बाजूला बुलोन, दुसऱ्या बाजूला सँतोमेर आणि वर फ्लँडर्सच्या बलाढ्य काउंटांची सत्ता. एवढ्याशा मुलखाला बखरकार लाभावा आणि त्याने घराण्याच्या अब्रूबरोबर बेअब्रूही लिहून ठेवावी, हे भाग्यच म्हणायचे. फ्रेंच इतिहासकार जॉर्ज द्यूबी यांनी मध्ययुगीन विवाहावरच्या १९८१ च्या आपल्या ग्रंथात या घराण्याला स्वतंत्र प्रकरण दिले, ते याच बखरीच्या बळावर.

बखर मूळपुरुषापासून सुरू होते. सिगफ्रीड नावाचा एक डेन योद्धा ९२८ च्या सुमारास येतो, सँ-बेर्तँ मठाचा हक्क असलेल्या जमिनीवर ठाण मांडतो, मातीचा उंचवटा रचून भोवती दुहेरी खंदक खणतो. फ्लँडर्सचा काउंट अर्नुल्फ त्याच्याशी जुळवून घेतो. मग अर्नुल्फची मुलगी एल्स्त्रूद हिला सिगफ्रीडपासून दिवस जातात. लग्न झालेले नसते. भीतीने तो गीनला पळतो आणि तिथेच मरतो. मागे राहिलेल्या मुलाला, आर्दोल्फला, फ्लँडर्सचे घराणे वाढवते आणि गीनची काउंटी देते.

ही हकीकत खरी असेलच असे नाही, आणि इतिहासकारही तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. पण काउंटची मर्जी मिळवायला निघालेला माणूस त्याच्या कुळाची सुरुवात अनौरस मुलापासून का दाखवतो? मला उत्तर एल्स्त्रूदमध्ये दिसते. सिगफ्रीड कितीही शूर असला तरी परका, दुसऱ्याच्या जमिनीत घुसलेला. एल्स्त्रूदच्या बापाची आजी मात्र फ्रँक राजा टकल्या चार्ल्सची मुलगी, म्हणजे शार्लमेनच्या वंशातली, आणि आजोळ इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाचे. गीनच्या मातीच्या उंचवट्यावर हे सगळे मोठेपण आले ते त्या एका मुलीच्या पोटातून. तिची बदनामी झाकली असती, तर कुळाची सगळ्यात मोठी पुंजीही झाकली गेली असती. लांबेरने बदनामी पत्करली.

पुढची काही नावे झपाट्याने जातात. थांबावे लागते ते मानॅसिसपाशी. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला हा काउंट. त्याची बायको एमा नॉर्मन घराण्यातली, इंग्लंडमध्ये मिळकत असलेली विधवा. त्यांना औरस मुलगी एकच, रोझ. ती बूरबूरचा किल्लेदार हेन्री याला दिली. रोझ बाळंतपणात गेली. मागे राहिली तान्ही बिआत्रिस. ११९४ च्या नवरीशी तिचे नाव जुळते, पण ही तिच्या बरीच आधीची.

आता गीनची सगळी भिस्त या एका नातीवर होती, आणि ती आजारी होती. मुतखड्याच्या दुखण्याने तिला ग्रासले होते. आजी-आजोबांनी तिचे लग्न इंग्लंडच्या ऑब्री द व्हेअर या सरदाराशी लावून दिले. ११३७ मध्ये मानॅसिस वारला. ऑब्री आला, फ्लँडर्सच्या काउंटपुढे मानवंदना देऊन गीन पदरात पाडून घेतले आणि इंग्लंडला निघून गेला. बिआत्रिस मागेच राहिली. तेवढ्यात मानॅसिसच्या बहिणीचा मुलगा, गेंटचा अर्नुल, हक्क सांगत उठला आणि त्याने मुलूख बळकावायला सुरुवात केली. बाप हेन्रीने मग शेवटचा डाव टाकला. मुलीला माहेरी आणले, ऑब्रीशी झालेले लग्न रीतसर मोडून घेतले आणि आर्द्रेच्या बाल्डविनशी तिचे दुसरे लग्न लावले. आर्द्रेचे सरदार गीनचे मांडलिक, पण जुने वैरीही. त्यांच्या मदतीने भाच्याला हुसकावता येईल, असा त्याचा हिशेब. लग्नानंतर थोड्याच दिवसांत बिआत्रिस मेली. गीन गेंटच्या अर्नुलकडे गेले.

या मुलीची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. तिच्या जन्माने आई गेली, तिच्या दुखण्याने एक घराणे हवालदिल झाले, तिच्या अंगावर दोन लग्ने लादली गेली, आणि दुसरे लागले तेव्हा ती मरणाच्या दारात होती. हेन्रीला मुलीचे प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. पण ज्या शरीराला विसावा हवा होता, त्या शरीरातून त्याला वारस हवा होता. यादीत तिच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते, तीही पुष्कळदा नवऱ्याच्या नावाला जोडून. तो नवरा पुढे ऑक्सफर्डचा अर्ल झाला आणि द व्हेअर घराण्याने ती पदवी १७०३ पर्यंत उपभोगली.

असे प्रसंग का ओढवत? द्यूबींचे म्हणणे मला पटते. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून ही घराणी सहसा थोरल्या मुलाचेच लग्न करीत. धाकटे मुलगे मठात जात, लढाया आणि टूर्नामेंट करीत फिरत, किंवा दूर पवित्र भूमीत नशीब काढत. मानॅसिसच्या भावांपैकी फुल्क तिकडे बैरूतचा धनी झाला. जमीन यामुळे अखंड राहिली, पण वंश एका धाग्यावर लोंबकळू लागला. तुटला तर मुलगी, नात, भाचा, जे हाती लागेल ते. मिळकत वाचवायला केलेला उपाय मिळकतीच्या मालकालाच संपवू शकत होता.

आर्द्रेच्या सरदारांच्या लाकडी वाड्याचे लांबेरने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. लुई नावाच्या सुताराने बांधलेला हा तीन मजली वाडा. खाली कोठारे. मधल्या मजल्यावर बैठकीचे दालन आणि धन्या-धनिणीचे शेजघर. त्याला लागून दासींची व मुलांची खोली, आणि एक ऊबदार जागा, जिथे आजाऱ्यांसाठी आणि अंगावरचे दूध तुटलेल्या बाळांसाठी शेकोटी पेटे. सगळ्यात वर मुलगे झोपत, त्यांना वाटेल तेव्हा. मुलीही तिथेच, वेगळ्या बाजूला, पण त्यांना तिथे झोपावेच लागे. मुलग्यांची मर्जी आणि मुलींची सक्ती हा फरक लांबेर जाता जाता नोंदवतो. वारसाहक्क लाकडात कसा बांधला होता ते याहून स्पष्ट कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

गेंटच्या अर्नुलचा मुलगा म्हणजे आपला घंटेवरून चिडलेला दुसरा बाल्डविन. त्याने आर्द्रेची वारसदार क्रिस्तीन हिच्याशी लग्न केले आणि पिढ्यांचे वैर एका लग्नाने मिटले. याला अक्षरओळख नव्हती, पण ज्ञानाची भूक मोठी. लॅटिन ग्रंथ लोकभाषेत आणवून तो वाचून घेई आणि पंडितांशी वाद घाली. ११७७ मध्ये क्रिस्तीन बाळंतपणात गेली, तेव्हा तो दुःखाने अंथरुणाला खिळला. लांबेरच्या या वर्णनावर माझा विश्वास बसतो. पुढे तिची जागा अनेकींनी घेतली, यावरही बसतो. १२०६ मध्ये तो वारला, तेव्हा अंत्यविधीला औरस-अनौरस मिळून ३३ मुले-मुली हजर होत्या, अशी नोंद आंद्र मठाच्या विल्यमने केली आहे. काउंटी एकालाच मिळाली.

पुढचे थोडक्यात. या दुसऱ्या बाल्डविनच्या पणतवाने १२८३ मध्ये काउंटी फ्रान्सच्या राजाला विकून टाकली. ती परत मिळवली त्याच्या नातीने, जानने, १२९५ मध्ये. तिच्या लग्नामुळे ती ब्रिएन घराण्यात गेली. तिचा नातू राऊल फ्रान्सचा सेनापती होता. १३५० मध्ये राजाने खटला न चालवता त्याचे डोके उडवले आणि गीन खालसा केले. दोन वर्षांच्या आत इंग्रजांनी किल्ला घेतला आणि १५५८ पर्यंत सोडला नाही. १५२० मध्ये इंग्लंडचा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस जरतारी तंबू ठोकून भेटले, ते गीन आणि आर्द्रे यांच्यामधल्याच मैदानात.

पण लांबेरच्या बखरीतल्या आणखी दोन बायकांबद्दल सांगायचे राहिले, आणि त्यांच्यासाठीच मी हे लिहायला घेतले.

आर्द्रेची एक धनीण होती, गेर्त्रूद. तिची माणसे गावोगाव कोकरे गोळा करीत फिरत. एका गरीब बाईच्या दारात ती आली. घरात कोकरू नव्हते, भाकरीसाठी रडणारी सात मुले होती. वैतागून बाई म्हणाली, कोकरू कुठून देऊ, हवे तर यातले एक मूल घेऊन जा. गेर्त्रूदने तिला शब्दात पकडले. कोकराच्या जागी एक मुलगी नेली, वाढवली, वयात आल्यावर एका पुरुषाला जोडून दिली आणि तिला व तिच्या पुढच्या संततीला कायमचे दास ठरवले. गादी आईकडून आली, तर बखरकाराला ती सिद्ध करायला पानेच्या पाने लिहावी लागतात. दास्य आईकडून आले, तर कोणी पुरावा मागत नाही.

दुसरी हाविदिस. गीनच्या मुलखात आमच्या हद्दीत राहणाऱ्यांनी दर वर्षी एक पेनी आणि लग्नाला किंवा मरणाला चार पेनी द्याव्यात, असा हक्क हॅमचे सरदार सांगत. रक्कम क्षुल्लक, पण ती देणारा दास ठरे. हाविदिस स्वतंत्र कुळात जन्मलेली. ती लग्न होऊन नवऱ्याच्या घरी आली आणि नव्या शेजेवर बसते न बसते तोच हॅमची माणसे चार पेनी मागत दारात उभी राहिली. लाजेने आणि भीतीने तिला काही सुचेना. तिने मुदत मागितली, नातलगांना घेऊन सरदारांपुढे गेली. तिथे दाद मिळाली नाही, तेव्हा ती थेट काउंटेस एमाकडे गेली. तीच एमा, जिची लेक पुढे बाळंतपणात गेली आणि नात वारसाच्या ओझ्याखाली. एमाने ऐकून घेतले, नवऱ्याला गळ घातली, आणि मानॅसिसने तो कर कायमचा उठवला.