इमान कुणाशी?

'हाय-फाय'मधल्या 'फिडेलिटी'चा अर्थ इमान. भाषांतर करणाऱ्याला हा शब्द जन्मभर छळतो. म्हणून मला प्रश्न पडतो, की ध्वनिमुद्रण नेमके कुणाशी इमान राखते?

बीटल्सची १९६३ सालची 'प्लीज प्लीज मी' ही तबकडी स्टिरिओत ऐकावी. बहुतेक वाद्ये डावीकडे, गळे उजवीकडे. आज हेडफोन लावला की गाणारे एका कानात कोंडल्यासारखे वाटतात. पण तो बेफिकीरपणा नव्हता. आवाज आणि वाद्ये यांचा तोल नंतर साधून एकसंध मोनो तयार करता यावे, म्हणून ते दोन ट्रॅक वेगळे ठेवले होते. बहुतेक घरांत तेव्हा एकच स्पीकर असे. स्टिरिओ आला तोही अनेकदा एकाच लाकडी पेटीत, दोन्ही स्पीकर जवळजवळ. दोन्ही बाजू खोलीच्या हवेतच मिसळून जात.

१९६७च्या 'सार्जंट पेपर'च्या मोनो मिश्रणात बीटल्सनी स्वतः लक्ष घातले. स्टिरिओ मिश्रण त्यांच्यावाचून झाले. 'शीज लीव्हिंग होम' मोनोत सुमारे अर्ध्या स्वराने चढे आहे, लयही जलद. नंतरच्या पिढ्यांच्या कानांत बसले ते मात्र स्टिरिओ. मग मूळ कोणते?

तबकडीची खाचही अटी घाली. दोन्ही बाजूंना सारखा असलेला ध्वनी सुईला आडवा हलवतो, बाजूंमधला फरक वर-खाली. दणदणीत खर्ज एकाच बाजूला ठेवला तर सुई खाचेतून उडण्याची भीती. म्हणून बास मध्यभागी आला आणि सुई गेल्यावरही बहुधा तिथेच राहिला. अडचण अंगवळणी पडली की तिलाच आपण सौंदर्य म्हणतो.

ऐकणाऱ्याचे यंत्र पाहून काम करणे ही तडजोड की सभ्यता? मीही एकदा एक लांबलचक, दम लागणारे वाक्य तोडून त्याची तीन केली. वाचक थकेल, असे मनाशी म्हटले. कुणी तक्रार केली नाही; करणार तरी कशी? मूळ वाक्य कुणी ऐकलेलेच नव्हते.

फरक इथे आहे. ध्वनिमुद्रकांपुढे खरीखुरी मर्यादा होती: छोटा स्पीकर, हलकी सुई. माझा थकलेला वाचक मीच कल्पिला होता. दुसऱ्याची अडचण ओळखून त्याच्यापर्यंत पोचणे हेही इमानच. पण त्याची कुवत आधीच कमी धरून आपले काम सोपे करून घेणे, याला इमान म्हणता येत नाही. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य पुन्हा एकच करायचे आहे.